ईमेल अटॅचमेंट एन्कोड-डीकोड करणारी सॉफ्टवेअर

फोटो, झिप, पीडीएफ, चालणारा प्रोग्रॅम अशी कुठलीही बायनरी फाईल साध्या अक्षरांत बदलून मेलमधून पाठवायची आणि पलीकडे त्या अक्षरांची परत जशीच्या तशी फाईल बनवायची, हे काम करणारे प्रोग्रॅम म्हणजे एन्कोडर आणि डीकोडर. यूयूएन्कोड, बिनहेक्स, बेस-६४ ही त्यातली नेहमीची नावं. आता हे सगळं मेलचा प्रोग्रॅम आतल्या आत उरकतो त्यामुळे असं काही असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण १९८० च्या दशकात आणि पुढे ९० च्या दशकातही बराच काळ त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं, ते हाताने चालवायला लागायचं, आणि समोरच्याकडे तेच सॉफ्टवेअर नसलं तर मेल पोचूनही फाईल काही मिळायची नाही.

गरज का पडली

ईमेल मुळात फक्त मजकुरासाठी बनलं. १९८२ मध्ये आलेल्या आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये, म्हणजे मेल एका मशीनवरून दुसऱ्यावर पोचवायच्या एसएमटीपी पद्धतीच्या नियमांमध्ये, प्रत्येक अक्षर ७ बिटांचं आस्की (इंग्रजी अक्षरांना आणि चिन्हांना आकडे देणारी पद्धत) धरलंय आणि एक ओळ शेवटच्या दोन चिन्हांसकट १००० च्या वर नको असं सांगितलंय. बायनरी फाईलमध्ये बाइट ८ बिटांचा असतो आणि त्यात ० ते २५५ मधली कुठलीही किंमत येऊ शकते. अशी फाईल तशीच मेलमध्ये ढकलली तर वाटेतला एखादा सर्व्हर आठवा बिट शून्य करून टाकायचा, दुसरा ओळ संपल्याची चिन्हं आपल्या पद्धतीने बदलायचा, आणि फाईलमध्ये चुकून एखाद्या ओळीत नुसतं एक टिंब आलं आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची काळजी घेतली नसेल तर एसएमटीपीच्या लेखी मेल तिथेच संपला. मजकुरात एखादं अक्षर बिघडलं तर वाचणारा समजून घेतो, झिप फाईल समजून घेत नाही.

यूयूएन्कोड

१९८० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड आणि यूयूडीकोड ही जोडी लिहिली. तेव्हा युनिक्स मशीनं एकमेकांना फोन लावून यूयूसीपी नावाच्या पद्धतीने मेल द्यायची-घ्यायची, नावातले दोन यू तिकडून आलेत.

युक्ती सोपी आहे आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या पद्धतींनी हीच उचलली. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट झाले, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याची किंमत ० ते ६३ च्या आतच राहते. त्यात ३२ मिळवले की छापता येणारं चिन्ह मिळतं. समजा फाईलमधले तीन बाइट ६७, ९७, ११६ आहेत, त्यांचे चार तुकडे होतात १६, ५४, ५ आणि ५२, ३२ मिळवून ४८, ८६, ३७, ८४, आणि हे चारही आकडे आस्कीत दिसणाऱ्या चिन्हांचे आहेत. डीकोडर ३२ वजा करतो आणि तुकडे परत जोडतो, बस.

एका पूर्ण ओळीत ४५ बाइट म्हणजे ६० चिन्हं बसतात आणि ओळीच्या सुरुवातीला लांबी सांगणारं एक जास्तीचं चिन्ह असतं. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि ७७ म्हणजे कॅपिटल एम, म्हणून यूयूएन्कोड केलेला मजकूर बघितला की डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एमची रांग दिसते, ज्यांनी हे कधी पाहिलंय ते लांबूनच ओळखतात. सगळ्यात वर 'बिगिन' शब्द, युनिक्सची परवानगी दाखवणारा ६४४ सारखा आकडा आणि फाईलचं नाव, शेवटी 'एंड'.

पण यातही खोट होती. किंमत शून्य असली की शून्य अधिक ३२ म्हणजे मोकळी जागा, आणि ओळीच्या शेवटची मोकळी जागा काही मेल सिस्टीम कापून टाकायच्या. मग शून्यासाठी उलट्या अवतरणचिन्हासारखं चिन्ह वापरायला लागले. आयबीएमच्या मोठ्या मशीनांवर आस्कीऐवजी एब्सिडिक ही अक्षरांना वेगळेच आकडे देणारी पद्धत चालायची, तिकडून मेल गेला की कंस वगैरे चिन्हांची अदलाबदल व्हायची, त्यावर उपाय म्हणून एक्सएक्सएन्कोड आलं ज्यात फक्त अक्षरं, आकडे, अधिक आणि उणे एवढंच वापरलंय.

मॅकवाल्यांचं वेगळंच

जुन्या मॅकिंटॉशमध्ये एका फाईलचे दोन भाग असायचे, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क, आणि दुसरा भाग हरवला तर प्रोग्रॅम चालायचाच नाही. म्हणून तिथे बिनहेक्स चालायचं. १९८५ चं बिनहेक्स ४.० दोन्ही भाग आणि फाईलची माहिती एकत्र बांधतं, लागोपाठ येणारे सारखे बाइट थोडे आवळतं, आणि वाटेत काही बिघडलं का ते कळावं म्हणून सीआरसी ही तपासणीची बेरीज सोबत देतं. यूयूएन्कोडमध्ये अशी तपासणी नव्हतीच, त्या मानाने बिनहेक्स जास्त विचार करून बनवलेलं वाटतं. त्याच्या सुरुवातीला ही फाईल बिनहेक्स ४.० ने उलटवा अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, निदान काय करायचं ते तरी कळायचं.

तुकडे आणि त्यांची डोकेदुखी

मोठी फाईल एका मेलमध्ये किंवा यूझनेटच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-ग्रुपांच्या) एका पोस्टमध्ये मावायची नाही, मग तिचे पाच, दहा, कधी चाळीस तुकडे करून पाठवायचे आणि विषयाच्या ओळीत कितवा तुकडा ते लिहायचं. घेणाऱ्याने ते सगळे गोळा करायचे, क्रमाने लावायचे, प्रत्येकाच्या वरचा हेडर (पाठवणारा, विषय वगैरे माहितीच्या ओळी) आणि खालची सही एडिटरमध्ये कापायची, मग जोडून डीकोड करायचं. सातवा तुकडा वाटेत गहाळ झाला की बाकीचे असून उपयोग नाही. फ्रँक पिल्होफर यांचं यूयूडीव्ह्यू याच कामासाठी आवडीचं झालं, ते तुकडे स्वतः ओळखतं, क्रम लावतं, आणि यूयू, एक्सएक्स, बेस-६४, बिनहेक्स यातलं काय आहे तेही स्वतःच शोधतं. विंडोजवर विनझिप आणि मॅकवर स्टफइट एक्स्पँडर यांनीही असल्या फाईली उघडायची सोय दिली होती.

सुरक्षेचा भाग मजेशीर आहे. फाईल कुठल्या नावाने ठेवायची हे 'बिगिन' च्या ओळीतच लिहिलेलं असल्यामुळे, पाठवणाऱ्याने तिथे सिस्टीमच्या एखाद्या महत्त्वाच्या फाईलचा पूर्ण पत्ता टाकला तर जुनं यूयूडीकोड मुकाट्याने तिच्यावर लिहायचं. त्यात भर म्हणजे बऱ्याच युनिक्स मशीनांवर 'डीकोड' नावाचा एक मेल पत्ता तयार ठेवलेला असायचा, त्यावर आलेला मेल थेट यूयूडीकोडला जायचा, म्हणजे बाहेरच्या कोणीही आपल्या डिस्कवर लिहावं अशी सोय आपणच करून ठेवलेली. पुढे अ‍ॅडमिनना पहिला सल्ला हाच असायचा की तो पत्ता काढून टाका. आणि आउटलुक एक्स्प्रेसमध्ये साध्या मजकुराची ओळ 'बिगिन' आणि पुढे दोन स्पेस अशी सुरू झाली तर प्रोग्रॅम तिथून पुढचं सगळं अटॅचमेंट समजायचा, त्यावर मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा होता की दुसरा शब्द वापरा!

माइम आणि बेस-६४

जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी लिहिलेला आरएफसी १३४१ आला, म्हणजे माइम, मेलमध्ये फोटो, आवाज वगैरे कसे ठेवायचे याचे नियम. त्याआधी ११ मार्च १९९२ ला बोरेनस्टीन यांनी माइमची पहिली अटॅचमेंट पाठवली होती, त्यात ते ज्या चौघांच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये होते त्याचा फोटो आणि गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. १९९६ मध्ये नियम सुधारून आरएफसी २०४५ आणि त्यापुढचे भाग निघाले.

माइमचं बेस-६४ गणितात यूयूएन्कोडसारखंच आहे, तीन बाइटची चार चिन्हं. ३२ मिळवण्याऐवजी ठरलेली ६४ चिन्हं घेतली, मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं, दहा आकडे, अधिक आणि तिरकी रेघ, आणि शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरचं चिन्ह. ही चिन्हं मुद्दाम अशी निवडलीत की एब्सिडिकवाल्या मशीनांतूनही सुखरूप जातील. ही पद्धत आधीच १९८७ पासून मेलची गोपनीयता जपायच्या एका प्रस्तावात होती, माइमने तिकडून घेतली.

माइम जिंकलं ते माझ्या मते अक्षरांमुळे नाही, लेबलमुळे. मेलच्या आतच लिहिलेलं असतं की हा भाग फोटो आहे, त्याचं नाव हे, तो या पद्धतीने एन्कोड केलाय आणि तो इथे संपतो. यूयूच्या काळात हे सगळं माणसाने डोळ्यांनी ओळखायचं होतं, माइमनंतर ते प्रोग्रॅमला वाचता यायला लागलं आणि वेगळा डीकोडर चालवायची गरजच गेली. मधल्या काळात जुन्या मेल प्रोग्रॅमवाल्यांसाठी मेटामेल, एमपॅक, मनपॅक अशी छोटी साधनं होती.

आकार किती वाढतो

तीनाचे चार म्हणजे ३३ टक्के, वर दर ७६ चिन्हांनंतर नवीन ओळ, सगळं धरून साधारण ३७ टक्के वाढ. म्हणून ज्या सर्व्हरवर पूर्ण मेलची मर्यादा २५ एमबी आहे तिथून १८ एमबीच्या आसपासचीच फाईल जाते आणि लोक विचारत बसतात की २० ची का जात नाही. यूझनेटवर ही उधळपट्टी नको म्हणून २००१ मध्ये यर्गन हेल्बिंग यांनी वायएन्क काढलं, त्यात प्रत्येक बाइटमध्ये ४२ मिळवतात आणि फक्त धोक्याची तीन-चार चिन्हं वेगळी लिहितात, त्यामुळे वाढ एक-दोन टक्केच. पण त्याला ८ बिटांचा सरळ रस्ता लागतो, मेलमध्ये ते रुजलं नाही.

बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, ते कोणीही उलटवू शकतं. फाईल आवळायची किंवा पासवर्ड लावायचा तर एन्कोड करायच्या आधी.

आजही कधी अटॅचमेंटऐवजी मेलमध्ये अक्षरांचा ढिगारा दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा हेडर वाटेत तुटलेला असतो. सुरुवात जे-व्ही-बी-ई-आर अशी असेल तर ती पीडीएफ आहे. तो भाग टेक्स्ट फाईलमध्ये घेऊन लिनक्स किंवा मॅकच्या बेस-६४ कमांडने उलटवला की फाईल परत मिळते. विनमेल डॉट डॅट नावाची फाईल आली तर प्रकार वेगळा, ते आउटलुक आणि एक्स्चेंजचं टीएनईएफ नावाचं गाठोडं आहे, बेस-६४ उलटवूनही ते उघडत नाही, त्याला टीएनईएफचा वेगळा डीकोडर लागतो, नाहीतर पाठवणाऱ्याला मेल रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात पाठवायला सांगावं.