पाणी जातं, जिवाणू राहतात

गोबरगॅसच्या टाकीत कालवलेलं शेण महिना-दीड महिना कुजत राहतं. चार जनावरांच्या गोठ्याला ते चालतं. साखर कारखान्याचं सांडपाणी मात्र रोज लाखो लिटर निघतं. ते महिनाभर साठवायला तळंच बांधावं लागेल. अडचण एकच: मिथेन तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि वाहत्या पाण्याबरोबर टाकीबाहेर निघून जातात.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातले गात्झे लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात ही गाठ सोडवली. त्यांच्या टाकीत सांडपाणी तळातून शिरतं आणि संथपणे, तासाला जेमतेम मीटरभर, वर चढतं. तळाशी गाळाचा जाड थर असतो. त्यातले जिवाणू एकमेकांना चिकटून मोहरीएवढे काळे दाणे तयार होतात. दाण्याला गॅसचा बुडबुडा चिकटला की दाणा तरंगत वर निघतो. वर तिरके पत्रे बसवलेले असतात. त्यांवर आपटून बुडबुडा सुटतो, गॅस घुमटाखाली जमतो, दाणा जड होऊन पुन्हा तळाशी येतो आणि नितळलेलं पाणी वरून वाहून जातं. टाकीत ढवळणी नाही, हवा मारणारे ब्लोअर नाहीत. महिन्याचं काम काही तासांत होतं. ‘यूएएसबी’ (अपफ्लो ॲनेरोबिक स्लज ब्लँकेट) म्हणतात ती हीच टाकी. इतकी साधी रचना इतकं काम करते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

लेटिंगांनी तिचं पेटंट घेतलं नाही. गरीब देशांनाही ती बांधता यावी म्हणून त्यांनी ती खुली ठेवली. पुढे कंपन्यांनी सुधारित आवृत्त्यांची पेटंटं काढली, पण मूळ कल्पना सगळ्यांची राहिली. कानपूरला जाजमऊमध्ये गंगा कृती योजनेखाली डच मदतीने रोज ५० लाख लिटर क्षमतेचा असा प्रकल्प उभा राहिला. २००९ साली सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार लेटिंगांना मिळाला.

आपल्याकडे याची खरी कसोटी डिस्टिलरीत लागते. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, उरतो. हे गरम, आंबट, काळं पाणी ओढ्यात गेलं की मासे मरतात. डायजेस्टर (सांडपाणी कुजवून गॅस काढणारी टाकी) यूएएसबी असो वा दुसऱ्या बनावटीचा, त्यात हाच स्पेंट वॉश इंधन होतो. लिटरमागे १०० ग्रॅम सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल, त्याचं माप) धरली आणि त्यातली ६५ ग्रॅम जिवाणूंनी संपवली, तर सुमारे २० लिटर मिथेन मिळतो. बॉयलरखाली तो जाळला की तेवढी बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वाचते. त्याआधी गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड मात्र काढावा लागतो. नाहीतर लोखंड खाल्लं जातं.

एवढं करूनही पाणी काळंच राहतं. तो रंग मेलॅनॉइडिन या गडद रंगद्रव्याचा, आणि तो या जिवाणूंना पचत नाही. म्हणून उरलेलं पाणी प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) शिंपडून कंपोस्ट करतात, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळतात.