आकडीजनक रसायने

मेंदूतील चेतापेशींचा संदेशव्यवहार बिघडवून झटके आणणारी द्रव्ये. चेतापेशी एकमेकींना न्यूरोट्रान्समीटर या रसायनांमार्फत संदेश देतात. त्यांपैकी ग्लुटामेट पेशीला उत्तेजित करते, तर गामा अमिनोब्युटिरिक आम्ल, म्हणजेच गाबा, तिला आवरते. हा तोल सुटला की असंख्य पेशी एकदम संदेश सोडू लागतात आणि आकडी येते. मात्र आकडी आली म्हणजे मेंदूतले गाबा घटलेच असे नव्हे, आणि उपचार ठरवताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

गाबा खरोखर घटते त्याचे ठळक उदाहरण आयसोनियाझिड. १९५२ पासून वापरात असलेले हे क्षयरोगावरचे औषध नेहमीच्या मात्रेत सहसा झटके आणत नाही. पण एकदम पुष्कळ गोळ्या पोटात गेल्या तर झटके, रक्तातील आम्लता आणि बेशुद्धी अशी अवस्था ओढवते. ग्लुटामेटपासून गाबा बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) 'ब-६' जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप लागते आणि आयसोनियाझिड नेमके तेच निकामी करते. झटके थांबवायला दिले जाणारे डायझेपाम हे औषध गाबाचा परिणाम वाढवते. गाबाच उरले नसेल तर ते एकटे अनेकदा अपुरे पडते. अशा वेळी शिरेतून पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६, देतात : जितके ग्रॅम आयसोनियाझिड तितकेच ग्रॅम, आणि आयसोनियाझिड किती घेतले ते कळत नसेल तर प्रौढाला साधारण ५ ग्रॅम.

काकमारीच्या बियांतील पिक्रोटॉक्सिनची तऱ्हा वेगळी. ते गाबाचे प्रमाण घटवत नाही, गाबामुळे उघडणारा, पेशीला आवरण्यासाठी लागणारा क्लोराइडचा मार्गच बंद करते. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बियांतील स्ट्रिक्नीन मुख्यतः मज्जारज्जूतील ग्लायसिन या, गाबासारख्याच आवरणाऱ्या, न्यूरोट्रान्समीटरचे काम अडवते. अंग धनुष्यासारखे ताठते, पण रोगी बहुधा शुद्धीवर असतो, म्हणून या झटक्यांना मेंदूची आकडी म्हणणे चूक आहे. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरहून अधिक लोक आजारी पडले. त्यातील डोमोइक आम्ल ग्लुटामेटची जागा घेऊन पेशींना अतिउत्तेजित करत होते. वाचलेल्या काहींची स्मरणशक्ती कायमची बिघडली.

सोमानसारख्या चेता-वायूंच्या (युद्धातील विषारी रसायनांच्या) बाधेत आधी ॲसिटिलकोलीन हा न्यूरोट्रान्समीटर साचतो, मग ग्लुटामेट वाढते. झटके लांबत गेले की पेशींच्या पृष्ठभागावरचे गाबा-ग्राही (गाबाचा संदेश स्वीकारणारे रेणू) आत ओढले जातात आणि मग डायझेपामचाही गुण कमी येतो.