बाहेर उभ्या केलेल्या इलेक्ट्रिक गाडीतील डॅशकॅमविषयी ग्राहकांसाठी माहिती

महागडी इलेक्ट्रिक गाडी भुसावळ स्टेशनबाहेर ठेवून चार-पाच दिवसांसाठी मुंबईला जाणाऱ्याचा निम्मा जीव त्या गाडीतच अडकलेला असतो. कोणी ओरखडा काढेल, कोणी दुचाकी घासून नेईल, ही धास्ती खरी आहे. म्हणूनच डॅशकॅम, म्हणजे गाडीत बसवलेला चित्रण करणारा कॅमेरा, गाडी बंद असतानाही रात्रंदिवस चालावा, अशी मागणी आमच्याकडे वारंवार होते.

तसा तो बसवता येतो. मात्र त्याला वीज मिळते ती गाडीच्या मोठ्या बॅटरीतून थेट नव्हे, तर १२ व्होल्टच्या लहान बॅटरीतून. मोठी बॅटरी गाडीच्या यंत्रणेला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) ही याच लहान बॅटरीवर चालत असल्यामुळे ती उतरली, की मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही आणि पुष्कळदा रिमोटने दारही उघडत नाही. कॅमेऱ्याने ०.३ अँपिअर वीज घेतली, तर दिवसाला सात अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाचव्या दिवशी संपते आणि गाडी त्याआधीच अडते. काही गाड्या उभ्या असताना लहान बॅटरी आपोआप भरून घेतात, परंतु सगळ्याच नव्हे. आपल्या गाडीची पुस्तिका अवश्य पाहावी.

यासाठी आम्ही बसवतो त्या किटमध्ये कट-ऑफ असतो, जो व्होल्टेज १२.२ च्या खाली गेल्यावर कॅमेरा बंद करतो. जोडणीही मूळ वायर न कापता फ्यूज बॉक्समधूनच करतो, कारण कापलेली वायर वॉरंटीच्या वेळी आड येऊ शकते. तरीही ‘कॅमेरा मध्येच बंद पडतो’ म्हणून काही ग्राहक बाहेर कुठेतरी कट-ऑफ काढून वायर थेट जोडून घेतात. आमचा सर्वांत जास्त वेळ याच एका चुकीपायी जातो: दुकानातली कामे थांबवून माणसाला जम्पर केबल घेऊन स्टेशनवर धावावे लागते आणि प्रवासाने थकलेले कुटुंब सामानासह गाडीबाहेर ताटकळते. कट-ऑफ काढण्याचे काम आम्ही कितीही आग्रह झाला तरी करत नाही. कृपया राग मानू नये. अधिक दिवस चित्रण हवे असल्यास गाडी चालताना भरणारा स्वतंत्र बॅटरी पॅक मिळतो. तो महाग आहे, पण गाडीच्या बॅटरीला हात लावत नाही.

स्टेशनसारख्या वर्दळीच्या जागी कॅमेऱ्याचे चित्रण समोरच्या हालचालीने नव्हे, तर गाडीला धक्का लागल्यावरच सुरू होईल असे ठेवावे, अन्यथा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे चित्रण होत राहते. नुसता ओरखडा त्यात सुटू शकतो, हे मात्र मान्य करावे लागेल. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आत लिथियम सेलऐवजी कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) असलेला कॅमेराच घ्यावा.

गाडी अडलीच, तर धक्का मारून ती सुरू होत नाही, आणि पुढची चाके चालवणाऱ्या गाडीची तीच चाके जमिनीवर ठेवून ती ओढल्यास मोटरचे नुकसान होऊ शकते, म्हणून गाडी पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच बोलवावा. रिमोटच्या आत लपवलेली साधी चावी दाराला लागते का, हे घरीच एकदा पाहून ठेवावे.

आठवडाभर बाहेर जाणार असाल, तर आदल्या दिवशी गाडी दुकानात आणावी. बॅटरी तपासायला दहा मिनिटे लागतात आणि आम्ही बसवलेल्या कॅमेऱ्याच्या ग्राहकांकडून त्याचे पैसे घेत नाही.