मेंदूची तार वेगळी, ताळमेळ वेगळा

मेंदूचा लाल-निळा फोटो आणि खाली ओळ: ‘ऑनलाइन गेममुळे मुलांच्या मेंदूतल्या तारा तुटतात.’ कोथरूड असो की हडपसर, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा फोटो दर सुट्टीत उगवतो. वैताग याचा, की असल्या फोटोत बहुतेक वेळा तार दिसतच नसते.

तारा म्हणजे चेतापेशींचे लांब तंतू, हे शाळेत झालंय. त्या पाहायला एमआरआयचा डीटीआय नावाचा प्रकार आहे. पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सरकतात त्यावरून तंतूंचा अंदाज बांधतात. इतकं पुरे.

असल्या फोटोत बहुतेकदा असते ती फंक्शनल कनेक्टिव्हिटी, म्हणजे मेंदूच्या भागांमधला ताळमेळ; ही निराळीच गोष्ट. माणसाला यंत्रात काही मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार टिपतं, मेंदूतली वीज नव्हे. मग दोन भागांतले चढउतार किती जोडीने होतात, ते आकडेमोडीने काढतात. नदीपात्रात सराव करणाऱ्या पथकातले दोन ढोल एकदम वाजतात, ते काही दोरीने बांधलेले नसतात. दोघांचेही कान ताशाकडे असतात. उद्या ताल चुकला तर ताशेवाला बदलला असेल, नाहीतर कुणी जागरण करून आला असेल. दोरी तुटली असं कुणी म्हणेल का? मेंदूतला हा ताळमेळही अपुऱ्या झोपेने बदलतो, कॉफीने बदलतो, यंत्रात डोकं जरा हललं तरी आकडे बिघडतात. आणि पहाटेपर्यंत बीजीएमआयसारखा मोबाइल गेम खेळणाऱ्याची झोप काय असते, ते आयांना विचारा.

म्हणून ‘कनेक्टिव्हिटी घटली’ म्हणजे इजा नव्हे, ‘वाढली’ म्हणजे शाबासकीही नव्हे. गेमिंग हाताबाहेर गेलेल्यांमध्ये आवर घालणारं एक्झिक्युटिव्ह कंट्रोल नेटवर्क, मन भटकताना जागं असणारं डिफॉल्ट मोड नेटवर्क आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारं सेलियन्स नेटवर्क यांचा ताळमेळ वेगळा आढळलाय, हे खरं. काही अभ्यासांत तंतूंतही फरक दिसलेत. पण हे सगळे गटांच्या सरासरीतले फरक, आणि बहुतेक अभ्यास एकदाच काढलेल्या स्कॅनवरचे. फरक गेमने पडला, की आधीपासूनच होता म्हणून पोरगा गेममध्ये अडकला, ते त्यावरून ठरत नाही.

‘म्हणजे गेमिंगचं व्यसन हे थोतांडच’ म्हणणारे भाचेमंडळी माझ्या तेवढेच डोक्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. निदान वागण्यावरून होतं: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं खेळामागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, अभ्यास, घर, नोकरी यांची घडी विस्कटते, आणि हे साधारण १२ महिने चालतं. तासांची मर्यादा त्यात नाही, स्कॅनही नाही. मुलाचा मेंदू स्कॅन करून ‘व्यसन आहे की नाही’ सांगतो म्हणणारा भेटला, तर ते पैसे मानसोपचारतज्ज्ञाच्या फीसाठी ठेवा.