छातीपासून कपाळापर्यंत: स्टेफ करीचा नेम कसा घडला

२००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या राली या शहरात कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे सामने चालू होते. डेव्हिडसन नावाचं एक छोटं कॉलेज तिथे आलं होतं. जेमतेम पावणेदोन हजार विद्यार्थी आणि बास्केटबॉलमध्ये मोठं नाव नाही. त्यांच्या संघातल्या एका किरकोळ अंगाच्या मुलाने गोन्झागा कॉलेजाविरुद्ध ४० गुण केले. दोन दिवसांनी बलाढ्य जॉर्जटाउनविरुद्ध डेव्हिडसन १७ गुणांनी मागे पडलं होतं. याच मुलाने एकट्या उत्तरार्धात २५ गुण काढले आणि सामना फिरवला. वॉर्डेल स्टीफन ऊर्फ स्टेफ करी, वय २० वर्षं.

योगायोग असा, की याच राली शहरातल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातले दोन अभियंते, चाउ ट्रान आणि लॅरी सिल्व्हरबर्ग, त्या काळात चेंडू रिंगमध्ये जातो कसा याचं गणित मांडत होते. संगणकावर फ्री थ्रोचे (फाउलनंतर ठरावीक रेषेवरून, कुणी न अडवता मारायच्या फेकीचे) लाखो मार्ग आखून त्यांनी उत्तर काढलं: चेंडू साधारण ५२ अंशांत वर सोडा, त्याला सेकंदाला तीनेक फेऱ्यांची उलटी फिरकी द्या आणि नेम रिंगच्या मागच्या कडेच्या बाजूला धरा. हा निबंधही २००८ मध्येच प्रसिद्ध झाला. मला या दोन घटनांची जोडी फार आवडते, कारण करीची गोष्ट सांगताना लोक प्रतिभा आणि जिद्द या दोन शब्दांवर थांबतात. त्याच्या वाटचालीत ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडला त्यांचं मोजमाप करता येतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा बदलता येण्याजोग्या होत्या.

आधी रिंग पाहू. रिंगचा व्यास ४५.७ सेंटीमीटर, चेंडूचा साधारण २४. म्हणजे जवळजवळ दोन चेंडू शेजारी मावतील एवढी जागा! पण ही ऐसपैस जागा फक्त सरळ वरून पडणाऱ्या चेंडूसाठी असते. चेंडू तिरका आला की त्याच्यासमोरचं वर्तुळ दबून लंबगोल होतं. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला समोर ३२ सेंटीमीटरची फट मिळते. ३० अंशांत उतरणाऱ्याला २३ सेंटीमीटरचीही नाही, म्हणजे कडेला न घासता तो आत जाऊच शकत नाही.

आता एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, तीन गुणांची रेषा घेऊ; तिच्यामागून मारलेल्या फेकीला दोनऐवजी तीन गुण मिळतात. रिंगच्या मधापासून ती ७.२४ मीटरवर आहे. (आपल्याकडच्या मैदानांवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ६.७५.) रिंग ३.०५ मीटर उंचीवर. समजा हातातून चेंडू २.१ मीटर उंचीवरून सुटला. हवेचा विरोध बाजूला ठेवून आकडेमोड केली, तर कमीत कमी जोर लागतो तो ४९ अंशांच्या जवळपास, वेग सेकंदाला ९ मीटर. चेंडू सव्वा सेकंद हवेत राहतो, जमिनीपासून जवळपास साडेचार मीटर उंची गाठतो आणि ४१ अंशांत खाली येतो. कडेला न लागता आत पडायला पुढे-मागे मिळून ९ सेंटीमीटरची मोकळीक असते. हाच चेंडू ५२ अंशांत सोडला तर वेग अर्धा टक्काही जास्त लागत नाही, पण तो ४५ अंशांत उतरतो आणि मोकळीक जवळपास १२ सेंटीमीटर होते. उलट ४२ अंशांत सपाट फेकला तर मोकळीक उरते फक्त एक सेंटीमीटर. दहा अंशांच्या फरकात एवढं सगळं बसलेलं आहे.

या गणितात एक सुंदर गोष्ट आहे. सर्वांत कमी जोराच्या कोनाजवळ कोन थोडा इकडेतिकडे झाला तर चेंडू किती लांब जातो यात फारसा फरक पडत नाही. वेग मात्र एक टक्का चुकला तर चेंडू १६-१७ सेंटीमीटर पुढे किंवा मागे पडतो. म्हणून लांबून अचूक मारणारा खेळाडू म्हणजे खरं तर वेगावर विलक्षण ताबा असलेला खेळाडू. उलटी फिरकी त्याला थोडी सवलत देते, कारण रिंगला किंवा बोर्डाला लागताच ती चेंडूचा पुढचा वेग मारते आणि चेंडू बाहेर उसळण्याऐवजी तिथेच घुटमळून आत पडण्याची शक्यता वाढते.

हे सगळं शाळेतल्या स्टीफनकडे नव्हतं. त्याचा जन्म १९८८ चा, ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा. एनबीएचा दुसरा मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स, त्याचं जन्मगावही तेच. वाढला तो शार्लटमध्ये. वडील डेल करी १६ हंगाम एनबीएत खेळले आणि तेही लांबून मारण्यासाठीच नावाजलेले. आई सोन्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली. शार्लट ख्रिश्चन शाळेत असताना मुलगा साडेपाच फुटांच्या आसपास, काटकुळा. चेंडू रिंगपर्यंत पोचवायचा तर एवढ्या अंगात ताकद कुठून आणायची? लहान मुलं जे करतात तेच तो करत होता. चेंडू कमरेपर्यंत खाली घ्यायचा, सगळं अंग लावून खालून वर ढकलायचा. आणि तो आत जायचाही! शाळेत चालून गेलं असतं, पण पुढे दोन मीटर उंचीच्या बचावपटूने असा चेंडू सहज अडवला असता. डेलना हे स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

२००४ च्या उन्हाळ्यात बापाने सोळा वर्षांच्या लेकाची फेक मोडून नव्याने बांधायला घेतली. चेंडू सुटण्याची जागा कपाळाच्या वर आणायची. स्टीफनने पुढे अनेकदा सांगितलंय की तो उन्हाळा त्याच्यासाठी फार वाईट होता. सुरुवातीचे काही आठवडे त्याला रिंगच्या अगदी जवळूनच मारता येत होतं. जरा लांब गेलं की चेंडू पोचतच नव्हता. जे आयुष्यभर जमत होतं तेच नेमकं जमेनासं झालं. घराच्या अंगणात रडकुंडीला येईपर्यंत सराव चालायचा.

असं का होतं, हे हालचालींच्या अभ्यासातून बऱ्यापैकी कळलेलं आहे. मुरलेली सवय पुसली जात नाही. नवी सवय तिच्या शेजारी उभी राहते आणि बराच काळ दोघींत ओढाताण चालते. त्यात ताकदीचा प्रश्न वेगळाच. खांद्याच्या वरून मारताना पायांचा जोर योग्य क्षणी मनगटापर्यंत पोचावा लागतो. ही साखळी जुळेपर्यंत कोवळ्या खांद्यावर आणि दंडावर सगळा भार पडतो. १९९८ मध्ये क्रिस्टोफर हॅरिस आणि डॅनियल वोल्पर्ट या संशोधकांनी मांडलं, की मेंदूकडून स्नायूला जाणारा आदेश जितका मोठा तितकी त्यातली अनिश्चितताही मोठी. सगळी ताकद लावून केलेली हालचाल दर वेळी थोडी वेगळी होते, हे त्यामागचं कारण. आता वरचं गणित पुन्हा मांडू. छातीसमोरून, १.४ मीटरवरून सोडलेल्या चेंडूला २.१ मीटरवरून सोडलेल्यापेक्षा ५ टक्के जास्त वेग, म्हणजे जवळपास १० टक्के जास्त ऊर्जा लागते. उंचावरून सोडायला शिकणं म्हणजे बचावपटूचा हात चुकवणं तर आहेच, शिवाय चुकीची शक्यताही कमी करणं आहे.

मात्र हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला पटत नाही. ज्या मुलाच्या अंगणात एनबीएचा निष्णात नेमबाज रोज उभा आहे, त्याची चूक सोळाव्या वर्षी सापडते. इतरांची सापडतच नाही. कष्ट खरेच, पण ते कुठे करायचे हे सांगणारं माणूस घरात होतं.

एवढं होऊनही मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. आईवडील ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकले, तिथूनही शिष्यवृत्ती आली नाही. बिनशिष्यवृत्तीचा जादा खेळाडू म्हणून ये, एवढंच सांगण्यात आलं. कारण उघड होतं: उंची आणि वजन. संघ निवडणाऱ्यांना मी फार दोष देत नाही, कारण उंची टेपने मोजता येते आणि बास्केटबॉलमध्ये ती खरोखर उपयोगी पडते. पण सतरा वर्षांच्या मुलाची उंची अजून वाढायची असू शकते. करीची वाढली, आज तो सहा फूट दोन इंच आहे.

डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी मात्र त्याला शाळेपासून हेरलं होतं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्ध पहिल्याच सामन्यात या मुलाने १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! मोठ्या संघात नवख्याने असं केलं असतं तर पुढचा महिना बाकावर गेला असता. मॅकिलपनी त्याला पुढच्या सामन्यात खेळवलं आणि मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. छोट्या कॉलेजाने त्याला दिलं ते हेच: मैदानावरची भरपूर मिनिटं आणि चुका करण्याची मुभा. चेंडू हातात नसताना पळत राहून, सहकाऱ्यांच्या आडोशाने मोकळी जागा गाठायची त्याची पद्धतही इथेच पक्की झाली. दुसऱ्या वर्षी त्याने १६२ थ्री (तीन गुणांच्या यशस्वी फेकी) मारून कॉलेज बास्केटबॉलचा एका हंगामाचा विक्रम केला. त्या वर्षी डेव्हिडसनचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात पोचला आणि कॅन्ससकडून ५९-५७ असा दोन गुणांनी हरला; पुढे विजेतेपदही कॅन्ससनेच घेतलं. तिसऱ्या वर्षी सामन्यामागे सरासरी २८.६ गुण, देशात सर्वाधिक.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्याआधी मिनेसोटाच्या संघाने पाचव्या आणि सहाव्या, लागोपाठच्या दोन क्रमांकांवर त्याच जागेवर खेळणारे दोन वेगळे खेळाडू निवडले होते.

पुढचा अडथळा घोट्याचा होता. उजवा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत राहिला. पाय आत वळून पडला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. त्यांत सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे चेतातंतूही असतात. दुखापतीनंतर हा निरोप उशिरा किंवा चुकीचा पोचतो, म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका वाढतो. २०११ आणि २०१२ मध्ये दोन शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला. त्यानंतर चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरचा करार झाला. त्याच्या दर्जाच्या खेळाडूसाठी तो स्वस्तच होता, कारण हा घोटा टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती.

वॉरियर्सच्या तंदुरुस्ती प्रशिक्षकांनी केलेला उपाय मला त्याच्या शाळेतल्या उन्हाळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी घोट्याबरोबर खुब्याकडे लक्ष दिलं. झपकन दिशा बदलताना शरीराचा वेग कुणीतरी रोखायचा असतो. खुब्याचे आणि मांडीच्या मागचे मोठे स्नायू ते काम करत नसतील, तर भार खाली सरकत घोट्यावर येतो. करीला कमरेतून नाही तर खुब्यातून वाकायला शिकवलं गेलं, जड वजनं उचलण्याचा व्यायाम लावला गेला. घोट्याला आधारपट्टा होताच. घोटे शांत झाले. शिवाय हेच स्नायू लांबून मारताना चेंडूला वेग देतात, त्यामुळे त्याचा पल्लाही वाढला. नऊ मीटरवरून मारायला रेषेवरच्यापेक्षा १० टक्के जास्त वेग लागतो. तो खांद्यातून काढायला गेलं तर नेम बिघडतो. पायांतून आला तर हाताची हालचाल जवळजवळ तीच राहते. करी उडी पूर्ण होण्याची वाट पाहत नाही, वर जातानाच चेंडू सोडतो. ताशी १८ किलोमीटरने धावून येणारा बचावपटू सेकंदाच्या दहाव्या भागात अर्धा मीटर कापतो, म्हणून ही घाई कामाची.

मग जे झालं ते आकड्यांतच वाचावं. २०१२-१३ मध्ये २७२ थ्री, तेव्हाचा विक्रम. २०१४-१५ मध्ये २८६. २०१५-१६ मध्ये ४०२, आणि तेही ४५.४ टक्के अचूकतेने. याचा हिशेब सोपा आहे: दर फेकीमागे १.३६ गुण. दोन गुणांच्या फेकीतून एवढं मिळवायचं तर १०० पैकी ६८ आत जायला हव्यात. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला एकमताने मिळाला. एनबीएच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. चार अजिंक्यपदं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, २०२५ च्या मार्चमध्ये कारकिर्दीतला ४०००वा थ्री. खेळही बदलला. १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा एनबीएत आली तेव्हा संघ सामन्याला तीनही प्रयत्न करत नव्हते, आता पस्तीसच्या वर करतात.

याचा एक परिणाम मात्र मला काळजीत टाकतो. आठ-दहा वर्षांची मुलं ७ नंबरचा मोठा चेंडू घेऊन, मोठ्यांच्या रेषेमागे उभी राहून करीसारखं मारायला बघतात. ताकद पुरत नाही, म्हणून चेंडू कमरेपर्यंत खाली नेतात आणि ढकलतात. हीच सवय मग मुरते. यावरचा उपाय नियमपुस्तकात आधीपासून आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा, हलका. एवढ्या उंचीवर लहान मूल कपाळाच्या वरून मारू शकतं. ज्या शाळांमध्ये रिंग खाली-वर करता येते, तिथल्या पीटीच्या सरांनी ती खाली घ्यावी आणि मुलांना रिंगपासून दोन-तीन पावलांवर उभं करून सुरुवात करावी.