कुरोन्यूफ्का : बेकार भत्त्याला ज्यांचं नाव पडलं

पोलंडमध्ये बोलीभाषेत बेकार भत्त्याला ‘कुरोन्यूफ्का’ म्हणतात. गोरगरिबांना फुकट वाटल्या जाणाऱ्या सूपलाही हेच नाव पडलं. मंत्र्याचं नाव रस्त्याला किंवा चौकाला देतात. कम्युनिस्ट राजवटीचे विरोधक आणि पुढे कामगार मंत्री झालेले यात्सेक कुरोन यांचं नाव मात्र लोकांनी स्वतःहून सूपला दिलं, आणि त्यामागे मोठी कहाणी आहे.

३ मार्च १९३४ रोजी त्यांचा जन्म ल्वूफमध्ये झाला. हे शहर आता युक्रेनमध्ये आहे. तरुणपणी ते मनापासून कम्युनिस्ट होते, आणि सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाशी त्यांचं बिनसलं तेही त्यामुळेच. १९६५मध्ये आपले सहकारी कारोल मॉजेलेव्स्की यांच्यासोबत त्यांनी पक्षाला खुलं पत्र लिहिलं. कामगारांच्या नावानं चालणाऱ्या या राज्यात सत्ता कामगारांकडे नसून नोकरशाहीच्या हातात आहे, असं त्यात मार्क्सच्याच भाषेत मांडलं होतं. त्याबद्दल त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. १९६८च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पुन्हा तुरुंग. आयुष्यातली जवळपास ९ वर्षं त्यांनी गजाआड काढली.

जून १९७६मध्ये सरकारनं अन्नधान्याचे भाव वाढवले आणि रादोम, उर्सुस इथले कामगार रस्त्यावर उतरले. दरवाढ एका दिवसात मागे घेतली गेली, पण कामगारांचा सूड घेतला गेला. दोन्ही बाजूंना दंडुकेधारी पोलीस उभे करून मधून त्यांना पळायला लावत. पोलिसांनी या प्रकाराला ‘आरोग्याची वाट’ असं नाव दिलं होतं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा कामगारांना वकील, डॉक्टर आणि घरखर्चाला पैसे मिळवून देण्यासाठी सप्टेंबरमध्ये कामगार संरक्षण समिती उभी राहिली. कुरोन तिच्या संस्थापकांपैकी एक. सदस्यांनी पत्रकांवर आपली नावं, पत्ते, फोन नंबर उघड छापले. मला या समितीचं खरं धाडस त्या छापील पत्त्यांत दिसतं.

‘पक्षाच्या समित्या जाळू नका, स्वतःच्या समित्या काढा,’ हे वाक्य कुरोन यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. १९७०मध्ये बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरांत कामगारांनी पक्षाची कार्यालयं पेटवली, तेव्हा सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ती आठवण सगळ्यांच्या मनात ताजी होती. १९८०च्या उन्हाळ्यात संप पसरू लागले, तेव्हा वॉर्सातल्या झॉलिबोश भागातल्या कुरोन यांच्या घरी फोन सतत खणखणत असे. कुठल्या कारखान्यात काम थांबलं, मागण्या काय, हे इथे कळायचं आणि इथून परदेशी पत्रकारांना सांगितलं जायचं. मग पाश्चात्त्य रेडिओवरून ती बातमी साऱ्या पोलंडला ऐकू यायची. सरकारी वर्तमानपत्रं गप्प असताना एका घरगुती फोननं हे काम केलं.

डिसेंबर १९८१मध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि कुरोन पुन्हा अटकेत गेले. नोव्हेंबर १९८२मध्ये त्यांची पत्नी ग्राझिना वारली, तेव्हाही ते कैदेतच होते. ते सुटले १९८४च्या माफीनंतर.

कम्युनिस्ट सरकार आणि विरोधक यांच्यातल्या १९८९च्या गोलमेज चर्चेत ते सरकारसमोर बसले आणि त्याच वर्षी नवे पंतप्रधान माझोविएत्स्की यांच्या मंत्रिमंडळात कामगार मंत्री झाले. १ जानेवारी १९९०पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची, देशाला बाजारव्यवस्थेकडे नेणारी कठोर आर्थिक योजना सुरू झाली. ज्या देशात बेकारी नावालाही नव्हती, तिथे वर्षअखेरीस ११ लाखांवर बेकार नोंदले गेले. भत्ता सुरू केला तो कुरोन यांनीच. डेनिमचा शर्ट घालून ते दर आठवड्याला टीव्हीवर यायचे आणि काय चाललंय ते साध्या शब्दांत सांगायचे. स्वतः सूपही वाटायचे. ज्या कामगारांसाठी तुरुंग भोगला, त्यांच्याच हातचं काम आपल्या सरकारच्या निर्णयानं जाताना त्यांनी पाहिलं. लोक त्यांच्यावर प्रेम करत राहिले, पण १९९५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना जेमतेम ९ टक्के मतं पडली. ते तिसरे आले.

त्या बदलांची किंमत गरिबांनी मोजली आणि त्यात आपलाही हात होता, ही बोच त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या लेखनात सतत दिसते. आजारानं खंगलेले असतानाच त्यांनी दुसऱ्या पत्नी दानुता यांच्यासोबत पूर्व पोलंडमधल्या बियावोविएझाच्या जंगलाकाठी, तेरेमिस्की नावाच्या खेड्यात, गरीब घरांतल्या ग्रामीण मुलामुलींसाठी लोकविद्यापीठ उभं केलं. १७ जून २००४ रोजी वॉर्सात त्यांचं निधन झालं.