नाकाची आठवण, डोळ्यांची आठवण

डांबरगोळ्यांचा वास आला की आजोळची लोखंडी ट्रंक, तिच्यातले शालू, आजीची गडबड सगळं एकदम उभं राहतं. त्याच ट्रंकेचा फोटो पाहिला तर ‘हो, होती अशी’ एवढंच. म्हणून नाकाची स्मरणशक्ती डोळ्यांपेक्षा पक्की, असं आपण बिनधास्त ठरवून टाकतो. पण आठवण जिवंत वाटणं वेगळं आणि ती बरोबर असणं वेगळं.

बरोबर असण्यात सुरुवातीला डोळेच पुढे. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांच्या १९६७च्या प्रयोगात सहाशेहून जास्त चित्रं पाहिलेल्या लोकांनी लगेचच्या चाचणीत ९७ टक्क्यांच्या आसपास चित्रं ओळखली. एंगेन आणि रॉस या संशोधकांनी १९७३ मध्ये वासांची अशीच परीक्षा घेतली, तेव्हा आकडा जेमतेम ७० टक्के. गंमत पुढे आहे: चित्रांची ओळख काही महिन्यांत कोसळली, वासांची मात्र वर्षानंतरही फारशी हलली नाही. नाक कमी टिपतं, पण टिपलेलं सहजासहजी सोडत नाही.

मग वासाची आठवण एवढी अंगावर का येते? डोळ्यांनी पाहिलेलं आधी थॅलॅमसमध्ये, म्हणजे संवेदना पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या केंद्रात जातं, तिथून मेंदूच्या मागच्या भागात. वासाला हा थांबा लागत नाही. तो अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागापाशी जवळजवळ थेट पोहोचतो. मानसशास्त्रज्ञ रेचेल हर्झ यांच्या प्रयोगांत वासाने जागवलेल्या आठवणी जास्त भावनिक निघाल्या, जास्त अचूक नव्हे. शिवाय म्हाताऱ्या माणसांना वास बहुतेकदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत नेतो, तर चित्रं आणि शब्द विशीच्या आतबाहेर.

दोघं एकत्र आले की नाक बऱ्याचदा डोळ्यांचंच ऐकतं. फ्रान्समधल्या बोर्डो इथे वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली (रंगाला स्वतःचा वास नव्हता), तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झालं. आणि हे नाक तयार केलेले लोक!

उलटंही घडतं. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या योर्विक वायकिंग संग्रहालयात वायकिंगांच्या (उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या) वस्तीचे वास मुद्दाम सोडलेले आहेत. काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेल्यांना नंतर प्रश्न विचारले, तेव्हा तेच वास हुंगत उत्तरं देताना त्यांना तिथे पाहिलेलं जास्त आठवलं.